गाठ दुखते की दुखत नाही?

मानेला किंवा काखेत गाठ हाताला लागली, की मनात पहिली शंका येते ती कर्करोगाची. गाठ दुखत असेल तर माणूस लगेच डॉक्टरांकडे जातो. दुखत नसेल तर ‘त्रास काहीच नाही’ म्हणून महिनोन्महिने अंगावर काढतो. प्रत्यक्षात बहुतेक दुखऱ्या गाठी साध्या संसर्गाच्या असतात. अधिक सावध राहावे लागते ते न दुखणाऱ्या, रेंगाळणाऱ्या गाठीबाबत.

मानवी शरीरात सुमारे ६०० लसिकाग्रंथी असतात. मान, काख आणि जांघ येथील ग्रंथी त्वचेलगत असल्याने सुजल्यावर हाताला लागतात. शरीरातील लसिका हा द्रव या ग्रंथींतून गाळला जातो आणि त्यासोबत आलेल्या जंतूंशी तेथील पांढऱ्या पेशी लढतात. या पेशी झपाट्याने वाढल्या की ग्रंथीचे आवरण ताणले जाऊन ती दुखते. पायाच्या जखमेमुळे जांघेत येणारे ‘अवधाण’ ते हेच. म्हणून जांघेतील गाठीसाठी पाय, तर मानेतील गाठीसाठी दात, घसा व डोक्याची त्वचा तपासली जाते. मूळ संसर्ग बरा झाला की अवधाण सहसा दोन-तीन आठवड्यांत ओसरते.

प्रत्येक गाठ लसिकाग्रंथीची नसते. त्वचेखालची मऊ, सरकणारी गाठ बहुधा चरबीची असते. लाल, गरम व ठणकणारे गळू पिळून फोडू नये. आडवे झाल्यावर आत जाणारी जांघेतील गाठ हर्नियाची असू शकते. ती अचानक दुखू लागून आत जाईनाशी झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

भारतात मानेतील रेंगाळणाऱ्या गाठींचे एक मोठे कारण म्हणजे क्षयरोग. यालाच पूर्वी ‘गंडमाळा’ म्हणत. या गाठी सुरुवातीस सहसा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि पुढे मऊ होऊन फुटू शकतात. अनेकदा खोकला नसल्याने क्षयाची शंकाच येत नाही. रोग केवळ ग्रंथींपुरता असेल, तर अशा रुग्णापासून घरच्यांना लागण होत नाही. त्यामुळे त्याचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे कारण नाही. उपचार साधारण सहा महिन्यांचे असून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. उपचार चालू असताना गाठ काही काळ वाढू शकते. तेवढ्यावरून औषध स्वतःहून बंद करू नये.

कर्करोगाची गाठ बहुधा टणक, न दुखणारी आणि कालांतराने जागची न हलणारी असते. तंबाखू खाणाऱ्याच्या मानेतील, स्तनातील किंवा कॉलरबोनच्या वरच्या खळगीतील गाठीची तपासणी लांबवू नये. डाव्या खळगीतील गाठ जठराच्या कर्करोगाची खूण असू शकते, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. लिम्फोमा या रोगातील गाठी रबरासारख्या लागतात. त्यांच्यासोबत ताप, रात्री दरदरून घाम आणि वजनात घट आढळू शकते.

दोन ते चार आठवड्यांत न ओसरणारी, वाढत जाणारी किंवा टणक गाठ डॉक्टरांना दाखवावी. सोनोग्राफी, बारीक सुईने पेशी काढून केलेली ‘एफएनएसी’ आणि गरज पडल्यास बायोप्सी यांतून निदान होते. सुई टोचल्याने रोग पसरेल या भीतीने तपासणी टाळणे अधिक महागात पडते. निदानापूर्वी स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर घेणेही घातक ठरू शकते. त्यांनी गाठ तात्पुरती विरते, पण रोग झाकला जातो. वेदना नसणे म्हणजे आजार नसणे नव्हे, हे ध्यानात ठेवले तर बरे होण्याजोगा आजार वेळेत हाती लागतो.