फोरम आणि निगमसभा : प्राचीन गोवर्धन नगरातील सार्वजनिक आर्थिक व्यवहार

प्रस्तावना : प्राचीन रोमन नगरांत 'फोरम' या मध्यवर्ती चौकास अनन्यसाधारण महत्त्व होते. मंदिरे, न्यायदानाची 'बॅसिलिका', सभागृहे आणि सावकारांच्या पेढ्या या चौकाभोवती एकवटलेल्या असत. पाँपेई येथील फोरम व त्यालगतच्या बाजारपेठेचे अवशेष आजही त्याची साक्ष देतात. नाशिक परिसरातील समकालीन गोवर्धन नगराचा असा दगडी चौक आज दिसत नाही. तथापि, केवळ त्यावरून तेथे सार्वजनिक व्यवहाराची सुसंघटित व्यवस्था नव्हती, असा निष्कर्ष काढणे युक्त ठरत नाही. पांडवलेणीतील शिलालेख याउलट साक्ष देतात.

उषवदाताची ठेव : लेणे क्र. १० मधील लेखानुसार क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने वर्ष ४२ मध्ये गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा होता. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी तरतूद होती. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. म्हणजेच ही तरतूद काटेकोर हिशेबावर आधारलेली होती.

त्याहून महत्त्वाचा आहे लेखातील पुढील उल्लेख. हे सर्व दान 'निगमसभे'त ऐकविले गेले आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदविले गेले. जाहीर उद्घोषणा आणि लेखी नोंद या दोन क्रियांमुळे खाजगी करार नगराच्या साक्षीचा विषय बनला. रोममध्येही बारा फलकांचे कायदे फोरममध्ये सर्वांना दिसतील असे लावले होते, अशी परंपरा आहे. दोन्हीकडे व्यवहाराला बळ मिळाले ते लोकांसमोर येण्यातून. मात्र निगमसभा ही व्यापारी नगराची सभा होती. फोरममधील राजकीय सभांशी व मतदानाशी तिची बरोबरी करता येत नाही.

सातत्य : पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे सापडलेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. नाण्यांवरील मुद्रा बदलली, परंतु श्रेणींवरील विश्वास टिकला. तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळी विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडेच ठेव ठेवली. त्यांत तिलपिषक म्हणजे तेल्यांची श्रेणीही होती.

समारोप : प्राचीन भारतीय नगरांचे मूल्यमापन बहुधा अवशेषांच्या भव्यतेवरून केले जाते. गोवर्धनचे उदाहरण या दृष्टीची मर्यादा स्पष्ट करते. चौक हा जसा वास्तूचा भाग असतो, तसाच तो व्यवहाराच्या पद्धतीचाही भाग असतो. रोमने तो दगडात बांधला. गोवर्धनचा चौक सभेत ऐकविलेल्या शब्दांत आणि फलकावरील नोंदीत होता. तो लाकडी वा मातीच्या इमारतींबरोबर लोपला असला, तरी लेण्याच्या भिंतीवरील अक्षरांत त्याचा पुरावा शिल्लक आहे.