शेवया

गव्हाच्या कणकेपासून ओढून किंवा यंत्रातून दाबून काढलेले, वाळवून साठवायचे बारीक तंतू. सोलापूरजवळच्या कुंभारीसारख्या गावांसह महाराष्ट्रभर हे उन्हाळी वाळवण आहे.

गव्हाची निवड : शेवयांसाठी कठीण दाण्याचा बन्सी किंवा खपली गहू उत्तम. बन्सीच्या रव्याची कणीक ताणली तरी तुटत नाही आणि शिजल्यावर शेवया चिकट होत नाहीत. इटलीतील वाळवलेला पास्ता, लझान्याच्या सुक्या पट्ट्यांसह, याच जातीच्या गव्हाचा असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या 'एमएसीएस ४०२८' या बन्सी वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिने आहेत.

कृती : गहू ओलवून, मुरवून दळतात; चाळून रवा व सपीट घेतात. मीठ-पाणी घालून घट्ट भिजवलेली कणीक मुरू देतात व भरपूर मळतात. हातशेवया पाटावर ओढतात. यंत्राच्या शेवया जाळीतून निघतात. काठीवर किंवा दोरीवर पूर्ण वाळवून त्या कोरड्या डब्यात भरतात. ओल राहिल्यास बुरशी येते.

वापर : उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवून निथळतात व गूळ, दूध, तुपाबरोबर खातात. तुपात भाजून खीर किंवा उपमाही करतात.