वितंडा : एका तर्कशास्त्रीय संज्ञेचा प्रवास

मराठीत एखाद्याच्या बोलण्यास ‘वितंडवाद’ म्हटले, की त्या बोलण्याचा निकाल लागल्यासारखाच असतो. निष्कर्षाची चाड न बाळगता, केवळ खोड काढण्यासाठी घातलेला वाद, हा त्या शब्दाचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही. न्यायशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा समास विसंगत ठरतो. इ. स. २ ऱ्या शतकाच्या सुमारास आजचे रूप पावलेल्या गौतमप्रणीत न्यायसूत्रांत सोळा पदार्थ गणले आहेत. त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तिन्ही स्वतंत्र आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. विजयासाठी होतो तो जल्प. त्यात छल, जाती इत्यादी साधनांस मुभा असते. जल्पातील एका पक्षाने आपल्या बाजूची स्थापना केलीच नाही, तर ती वितंडा. तेव्हा वितंडा आणि वाद ही दोन भिन्न कुळे होत, आणि लोकभाषेने त्यांची गाठ बांधली. अर्थात हा दोष मराठीचा नव्हे. ५ व्या शतकातील बुद्धघोषाच्या पाली अट्ठकथांत आडमुठ्या प्रतिपक्ष्यास ‘वितंडवादी’ म्हटलेले आढळते.

परंपरेने या शब्दाची व्युत्पत्ती आघातवाचक धातूपासून दिली आहे : जिच्या योगे परपक्षावर आघात होतो ती वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्परसंभाषेचे जे विवेचन आहे, तेथेही जल्प आणि वितंडा यांची लक्षणे येतात. यावरून ही परिभाषा एका दर्शनापुरती मर्यादित नव्हती हे उघड होते. न्यायसूत्रांनी वितंडेस कमी लेखले, पण टाकून दिले नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा तिचा उपयोग तत्त्वरक्षणासाठी सांगितला आहे. कुंपण पिकाच्या योग्यतेचे नसते. परंतु त्यावाचून पीक हाती लागेलच असे नाही.

खरा प्रश्न निराळा आहे. ज्याला स्वतःचे काहीच सिद्ध करावयाचे नाही, त्याला बोलण्याचा अधिकार आहे काय? भाष्यकार वात्स्यायनाने (सुमारे ५ वे शतक) येथे वैतंडिकास पेचात धरले. त्याला त्याचे प्रयोजन विचारावे. त्याने ते सांगितले, तर तोच त्याचा पक्ष झाला. न सांगितले, तर त्याची गणना ना लौकिक जनांत होईल ना परीक्षकांत. परपक्षातील दोष दाखविणे एवढेच प्रयोजन आहे, असे तो म्हणाला, तरी दाखविणारा, जाणणारा, जाणण्याचे साधन आणि जाणावयाची वस्तू ही चारही त्याने पत्करलीच. न्यायपरंपरेने सूत्रातील समासाकडेही बारकाईने पाहिले. तेथे अभाव सांगितला आहे तो स्थापनेचा, पक्षाचा नव्हे. वैतंडिकास पक्ष असतो. तो त्याची स्थापना करीत नाही, इतकेच.

हा पेच माध्यमिकांस बाधतो काय? नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त आपली कोणतीही प्रतिज्ञाच नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. या ग्रंथाचे मूळ संस्कृत दीर्घकाळ अनुपलब्ध होते. राहुल सांकृत्यायनांना त्याची पोथी १९३६ मध्ये तिबेटात मिळाली आणि १९३७ मध्ये ती प्रकाशात आली. ‘सर्व भाव निःस्वभाव आहेत’ हे वाक्यही निःस्वभावच असेल, तर ते निषेध कसा करील, असा आक्षेप नागार्जुन स्वतःच मांडतो आणि प्रतिज्ञा नाही म्हणून दोषही नाही, असे उत्तर देतो. प्रथमदर्शनी ही पळवाट वाटते.

ती पळवाट नव्हे, हे सांगण्याची भाषा वैयाकरणांकडून आली, आणि भाषेच्या अभ्यासकास हा प्रसंग सर्वांत उद्बोधक वाटावा. निषेधाचे पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध असे दोन प्रकार व्याकरणशास्त्रात परिचित होते. पहिल्यात निषेधाबरोबर अन्य वस्तूचे विधान होते. दुसऱ्यात केवळ निषेध उरतो. ‘अमराठी माणूस’ म्हटले, की अन्य कोणतीतरी भाषा बोलणारा माणूस गृहीत धरला जातो. ‘तेथे मराठी माणूस नाही’ एवढ्यावरून मात्र तेथे दुसरे कोणी आहे, असे ठरत नाही. ६ व्या शतकात भावविवेकाने माध्यमिकांचे निषेध दुसऱ्या प्रकारचे आहेत, असे सांगितले. निषेध करणाऱ्यावर उलट विधानाचे ओझे लादता येत नाही, हा विचार येथे प्रथमच तांत्रिक स्पष्टतेने उभा राहतो. विसाव्या शतकात बिमल कृष्ण मतिलाल यांनी वितंडेकडे याच बाजूने पाहिले आणि तिला केवळ कुतर्क मानण्यास नकार दिला. त्यांच्या लेखनामुळे सानातनि या गौड नैयायिकाचे मतही पुन्हा चर्चेत आले. उदयनाने नोंदविलेल्या या मतानुसार कथा चार प्रकारची असून त्यात ‘वादवितंडा’ हा एक प्रकार आहे : सत्याच्या शोधार्थ, तरीही स्वपक्षस्थापनेवाचून केलेले खंडन. लोकभाषेने अजाणता जोडलेले दोन शब्द एका नैयायिकाने जाणूनबुजून जोडले होते, ही मौज नोंदविण्यासारखी आहे.

वितंडेचे सामर्थ्य पूर्णत्वाने प्रकटले ते १२ व्या शतकात, श्रीहर्षाच्या ‘खंडनखंडखाद्या’त. नैषधीयचरिताचा कर्ता तो हाच. प्रमाणादिकांची सत्ता आधी मान्य केल्यावाचून कथाच संभवत नाही, या नैयायिकांच्या आग्रहावर तो ग्रंथारंभीच प्रहार करतो : कथेचे नियम उभयपक्षांनी पाळले की पुरे, त्यांच्या सत्तेची हमी कशाला? वात्स्यायनाच्या पेचास याहून नेमके उत्तर दुसरे क्वचितच दिले गेले असेल. पुढे तो नैयायिकांची लक्षणे एकामागून एक घेतो आणि प्रत्येकात अतिव्याप्ती, अव्याप्ती किंवा आत्माश्रय दाखवून देतो. शंकेस व्याघाताची सीमा असते, हे उदयनाचे प्रसिद्ध वचन मोजके शब्द बदलून तो त्याच्यावरच उलटवितो.

नैयायिकांस याची दखल घ्यावीच लागली. १४ व्या शतकात गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त व्याप्तिग्रहाच्या संदर्भात श्रीहर्षाच्या त्या वचनास उत्तर दिले : मनुष्याची प्रवृत्तीच त्याच्या शंकेस आवर घालते. धूम हवा असता जो निःशंकपणे अग्नी आणतो, त्याने त्या दोहोंच्या संबंधाविषयी शंका घेणे त्याच्या कृतीशीच विसंगत आहे. नव्यन्यायाची लक्षणे इतकी सावध, इतकी विशेषणजड का झाली, याचे सर्व श्रेय खंडनकारास देणे अतिरेकाचे होईल. बौद्धांशी आणि मीमांसकांशी झालेला शतकानुशतकांचा संघर्ष त्यामागे आहेच. पण व्याप्तीची एकेक व्याख्या घेऊन ती स्वतःच मोडून दाखविण्याची गंगेशाची रीत पाहिली, की खंडनाचे शस्त्र नैयायिकांनी आत्मसात केले होते, असेच म्हणावे लागते. मिथिलेत शंकरमिश्राने ‘खंडनखंडखाद्या’वर टीका लिहिली. नवद्वीपात रघुनाथ शिरोमणीनेही त्यावर लेखणी चालविली. आणि याच रघुनाथाने ‘पदार्थतत्त्वनिरूपणा’त दिक्, काल आणि आकाश ही ईश्वराहून वेगळी द्रव्ये नाहीत, असे सांगून स्वपरंपरेच्याच पदार्थव्यवस्थेस हात घातला.