चिपळूणचा डॉक्टर आणि ब्राँक्सचा बैल

गेल्या शनिवारी चिपळूणचे काका पुण्यात मुक्कामाला होते. रात्री जेवणं झाल्यावर मी 'रेजिंग बुल' लावला. आधी दोन-तीनदा पाहिलाय, पण हा सिनेमा मला अधूनमधून लागतोच. काका तासभर शांतपणे बघत होते. बायकोच्या चारित्र्यावर संशय, सख्ख्या भावाला मारहाण, वजन वाढतंय, पैसे उडतायत... मग सोफ्यावरूनच म्हणाले, "अरे, हा तर आपला घाणेकर! फक्त ह्याला नाटकातलं काही येत नाही."

मी हसलो, पण नंतर रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आजचं हे वीकेंड पुराण.

ज्यांनी 'रेजिंग बुल' पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 1980 सालचा सिनेमा, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी, जेक लामोटाच्या भूमिकेत रॉबर्ट डी नीरो. लामोटा हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला खराखुरा मिडलवेट बॉक्सर. 1947 साली बिली फॉक्सविरुद्धची लढत तो मुद्दाम हरला आणि 1960 मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर त्याने ते स्वतःच कबूल केलं. मधल्या काळात, 1949 मध्ये, तो जगज्जेता झाला होता. 1951 मध्ये शुगर रे रॉबिन्सनकडून बेदम मार खाऊन त्याने ते पद घालवलं, पण त्या लढतीत तो खाली पडला नाही. ह्या न पडण्याचा त्याला किती अभिमान होता हे सिनेमात दिसतं, आणि तो अभिमान किती निरुपयोगी होता तेही. उतारवयातला जाडजूड लामोटा दाखवण्यासाठी डी नीरोने शूटिंग थांबवून जवळजवळ 27 किलो वजन वाढवलं होतं. (आम्ही रिलीजच्या आठवड्यात पिझ्झा खाऊन वाढवतो, पण आम्हाला कोणी ऑस्कर देत नाही.)

आता आपले डॉक्टर. काशिनाथ घाणेकर रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूणचे, पेशाने दंतवैद्य. 1962 साली वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये त्यांनी संभाजी केला आणि मराठी रंगभूमीवर शिट्ट्या घेणारा नट आला. त्याआधी टाळ्या होत्या. नाट्यपदांना वन्समोअर होते. पण एन्ट्रीला थिएटर डोक्यावर घेणं, सिनेमाच्या हिरोसारखं, हे मुख्यतः त्यांच्याबरोबर आलं. 1966 मध्ये 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या आला आणि मग विचारायलाच नको. 1968 मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू', पुन्हा संभाजी, समोर प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब. शिवाय 'पाठलाग', 'मधुचंद्र'सारखे सिनेमे. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं झाली की शेवटी 'आणि', मग टिंबं, आणि मग डॉक्टरांचं नाव. 2018 साली आलेल्या चित्रपटाचं नावही तिथूनच आलंय.

आणि दारूही आली. प्रयोगांवर परिणाम व्हायला लागला. 2 मार्च 1986 रोजी, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच, अमरावतीला ते गेले. साठीसुद्धा गाठली नव्हती.

इथपर्यंत काकांचं बरोबर आहे. पण दोन्ही सिनेमे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट खटकते, आणि ती कलाकृती म्हणून कुठला चांगला ह्याच्याबद्दल नाही.

लामोटाचा सगळा हिशोब उपलब्ध आहे. 106 लढती, 83 विजय, 19 पराभव, 4 बरोबरीत. रॉबिन्सनशी सहा वेळा गाठ पडली, त्यात एकदा हा जिंकला. लढतींच्या फिल्म्स आहेत, वर्तमानपत्रांतले वृत्तांत आहेत, सिनेटसमोरची साक्ष आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याचे लॉग्ज शिल्लक आहेत. माणूस किती मोठा होता आणि कुठल्या दिवशी कोसळला ते तपासता येतं. त्यामुळे स्कॉर्सेसीला त्याच्या मोठेपणाची वकिली करावी लागत नाही. तो सरळ त्याच्या घरात, स्वयंपाकघरात कॅमेरा नेतो आणि तिथली माणसं काय भोगतायत ते दाखवतो.

घाणेकरांचा रंगमंचावरचा संभाजी मात्र गेला. नाटक त्या रात्रीपुरतंच असतं हो. सिनेमे आहेत, पण ज्याच्यासाठी लोक वेडे झाले ते त्यात नाही. जे उरलंय ते पाहणाऱ्यांच्या आठवणीत. माझे काका मुंबईत नोकरीला असताना 'रायगडाला' पाहून आलेले. एन्ट्री कशी होती ते आजही हात उंचावून, आवाज काढून करून दाखवतात. नाटक संपतं कसं असं विचारलं तर आठवत नाही!

त्यामुळे अभिजीत देशपांडे ह्यांच्या सिनेमाला दुहेरी काम पडलं. आधी तो आवाज, त्या शिट्ट्या नव्याने उभ्या करायच्या, आणि मग पडझड दाखवायची. सुबोध भावे पहिल्या कामात जीव ओततात. (रत्नागिरीकर म्हणून एक हिशोब: भाव्यांनी टिळकही केले, घाणेकरही केले. जिल्ह्याने त्यांचा सत्कार करायला हरकत नाही.) सुमीत राघवनचे डॉ. लागू तर मस्तच. एक दातांचा डॉक्टर, एक कान-नाक-घशाचा, आणि दोघांत नटाने कसं असावं ह्यावरून सगळा झगडा. पण शिट्ट्या एवढ्या जोरात वाजतात की पडझडीच्या वेळीही त्याच कानात राहतात. पिणं हा त्या वेडाचाच एक भाग वाटायला लागतो. मल्टिप्लेक्समध्ये माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. घरी येईपर्यंत मात्र प्रश्न पडला होता: हे पाणी कोणासाठी?

कारण दौऱ्याचं गणित बघा. गावोगावच्या कॉन्ट्रॅक्टरने प्रयोग विकत घेतलेला असतो. थिएटरचं भाडं भरलेलं, तिकिटं खपलेली. बसमध्ये सेट, त्याच बसमध्ये लाईटवाले, मेकअपवाले, छोट्या भूमिका करणारी माणसं. ह्यातल्या बहुतेकांना पगार नसतो, 'नाईट' मिळते. म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. मुख्य नट उभा राहू शकला नाही, तर तिसरी घंटा झालीच नाही, आणि त्या दिवशी त्या सगळ्यांचं काय? त्यांच्यावर सिनेमा निघत नाही. नोंदही कुठे नसते.

घरातलंही तसंच. डॉक्टरांच्या जाण्यानंतर त्यांच्या दुसऱ्या पत्नी कांचन घाणेकर, म्हणजे अभिनेत्री सुलोचनादीदींच्या कन्या, ह्यांनी 'नाथ हा माझा' लिहिलं. मराठी वाचकांनी ते डोक्यावर घेतलं आणि चित्रपटालाही त्याचाच आधार आहे. नावातच काय ते आलं. जीव लावलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे, आणि तसं लिहिण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पहिली पत्नी स्वतः डॉक्टर होती. तिची बाजू घेऊन कोणी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली तर ती केवढी वेगळी होईल! पणशीकरांचं 'तोच मी', लागूंचं 'लमाण' अशी त्या काळातल्या माणसांची आत्मचरित्रं शेजारी ठेवून वाचायला हवीत. एकाच साक्षीदारावर कोर्टसुद्धा निकाल द्यायला कचरतं.

लामोटाचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. 'रेजिंग बुल' पाहून तो हादरला आणि आपल्या माजी बायकोला, विकीला, त्याने विचारलं की मी खरंच असा होतो का? ती म्हणाली, ह्याहून वाईट होतास. किस्सा थोडा मीठमसाला लावलेला असेलही. पण विचारायला तो होता आणि उत्तर द्यायला ती होती. 2017 साली, 95 वर्षांचा होऊन तो गेला. आपल्याकडे पडद्यावर नाव झळकलं तेव्हा डॉक्टरांना जाऊन 32 वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी चहा घेताना मी काकांना हे सगळं सांगितलं. नाईट, बस, लाईटवाले, सगळं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला सांगतो, त्या दिवशी मीपण वाजवली होती शिट्टी. ऑफिसातले पाच जण गेलो होतो. घाणेकर आहेत म्हणूनच गेलो होतो." थोड्या वेळाने बॅग भरता भरता विचारलं, "ते पुस्तक आहे का रे तुझ्याकडे? दे, गाडीत वाचतो."

दिलं. परत येईल ह्याची खात्री नाही.