वार, नाळ आणि दुधाचा दात

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपण घरी होत असे, तेव्हा पडलेली वार अंगणात पुरत. ‘इथं काय तुझी नाळ पुरली आहे?’ हा प्रश्न त्यातूनच आला. पडलेला दुधाचा दात पोरे कौलांवर फेकत. याच टाकाऊ जिनसा पुढे प्रयोगशाळांत पोचल्या, कारण त्यांत मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, सापडल्या. त्या इतिहासात मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेल्या या पेशी खरोखर एकाच जातीच्या आहेत का?

आरंभ अस्थिमज्जेपासून, म्हणजे हाडातल्या मगजापासून झाला. सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांना १९६०-७०च्या दशकांत दिसले की मज्जेतल्या काही मोजक्या पेशी बशीच्या तळाला चिकटतात, वसाहती करतात आणि प्राण्याच्या शरीरात परत घातल्या तर हाड घडवतात. १९९१ साली अमेरिकेच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव दिले. नाव मिळाले आणि शोधाची व्याप्ती वाढली. २००० साली दाताच्या गरात, २००१ साली शस्त्रक्रियेत शोषून काढलेल्या चरबीत, २००३ साली दुधाच्या दातात. टॉमस व्हार्टन यांनी १६५६ साली वर्णिलेल्या नाळेतल्या जेलीतही त्या मिळाल्या. ही निवड बरीचशी सोयीची होती. मज्जेसाठी कमरेच्या हाडात सुई घालावी लागते. वार आणि चरबी तर आयतीच मिळते.

२००६ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने निकष ठरवले : पेशी प्लास्टिकला चिकटावी, तिच्या पृष्ठभागावर ठरावीक खुणा असाव्यात, आणि बशीत तिच्यापासून हाड, कूर्चा व चरबी व्हावी. या चाळणीतून जवळजवळ सगळ्याच पार होतात. पण त्याच वर्षी जर्मनीत मज्जा, चरबी आणि नाळेचे रक्त यांची शेजारी शेजारी तुलना झाली. मज्जा आणि चरबी यांच्या प्रत्येक नमुन्यातून पेशी मिळाल्या, नाळेच्या रक्ताच्या मात्र ६३ टक्के नमुन्यांतूनच. रक्तातल्या पेशी सर्वांत जोमाने वाढल्या, पण त्यांच्यापासून चरबी काही होईना.

खरी परीक्षा बशीबाहेरची. दाताच्या गरातल्या पेशी उंदरात घातल्या तेव्हा त्यांनी दंतिनासारखा थर केला. मज्जेतल्यांनी हाड केले आणि त्यात मज्जाही वसवली. २०१६ साली रोमच्या गटाने मज्जा, स्नायू आणि नाळेचे रक्त यांतल्या पेशी पारखल्या. हाड आपण होऊन करणारी मज्जेचीच, स्नायूची पेशी स्नायूकडे वळणारी. आपले गाव पेशी विसरत नाही, असे आमच्याकडचे माणूस म्हणेल. निकष कागदावर एक आणि स्वभाव वेगळे, हे मला या साऱ्या इतिहासाचे मर्म वाटते.

महाराष्ट्रातही हे काम झाले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी मज्जा, नाळ, वार, चरबी अशा अनेक उगमांच्या पेशींपासून इन्सुलिन करणारे गुच्छ घडवण्याचा प्रयत्न केला. चरबीतल्या गुच्छांनी मधुमेही उंदरांची साखर उतरवल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. उंदरांची, हे विसरू नये.

२०१७ साली खुद्द कॅप्लन यांनीच नाव बदला म्हटले : या पेशी नवा अवयव बांधत नाहीत, औषधी द्रव्ये स्रवतात. पण ‘स्टेम’ हा शब्द तोवर जाहिरातींत शिरला होता. आमच्या नात्यातल्या एका गर्भवतीच्या हातीही असेच पत्रक पडले : बाळाची नाळ जपा, उद्या कामी येईल. कर्ज काढायचीही त्या घराची तयारी होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे मात्र स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेचे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असे सांगतात. नाळेचा ऊतक, वार किंवा दात साठवण्यास तर परवानगीच नाही. रक्ताच्या ठरावीक आजारांतले मज्जा वा रक्तपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर बाकी सारे उपचार केवळ वैद्यकीय चाचणीत व्हावेत, असाही दंडक आहे.

आपल्या देशात या पेशींच्या एका औषधाला मर्यादित मंजुरी मिळाली ती २०१६ साली, बर्जर रोगासाठी. बिडी-तंबाखूच्या सेवनाशी जोडलेला हा रोग. पायाच्या रक्तवाहिन्या बुजतात आणि बोटे काळी पडतात. ते औषध बंगळुरूच्या कंपनीचे, त्यातल्या पेशी दात्यांच्या मज्जेतल्या. रोग्याला मात्र त्याआधी बिडी सोडावीच लागते.