स्वखुशीची सही

कर्जतजवळ पळसदरीला धरणाच्या अंगाला ज्यांची दोन-चार एकर वरकस जमीन होती, त्यांना ती कोण विकत घेणार असं एके काळी वाटे. मग मुंबई-पुण्याची मंडळी फार्महाऊससाठी जागा शोधत आली, आणि सातबाऱ्यावरचं आजीचं नाव घरात एकदम मोलाचं झालं. म्हाताऱ्या माणसांच्या पैशाअडक्यावर नातलगच कसे हात मारतात, हे शिकायचं तर कर्जत-खालापूरपासून सुरुवात करायला हरकत नाही.

अभ्यासविषय म्हणून हे क्षेत्र तरुण आहे. 1975 साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी वृद्धांना घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल लिहिलं. पैशाकडे लक्ष गेलं ते पुढे. आपल्या कायद्यानेही आधी पोटाचाच विचार केला. कल्याणच्या एका डॉक्टर बाईंनी, लग्न झालेल्या मुलीने बापाला का पोसावं, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मुलीवरही ती जबाबदारी आहे, असा निकाल 1987 साली लागला. देऊन बसलेलं परत मागायची वाट मात्र 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 ने काढली. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. तिथे वकील लागत नाही.

खरी मेख त्या अटीत आहे. आपली बक्षीसपत्रं 'प्रेमापोटी, स्वखुशीने' अशीच लिहिली जातात. अट घाला म्हटलं की पोरावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. त्यात 2015 साली राज्यात मुला-नातवंडांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक अवघा 200 रुपयांचा केला गेला. सुदेश छिकारा प्रकरणात (2022) सर्वोच्च न्यायालयाने अट दाखवा म्हटलं. उर्मिला दीक्षित प्रकरणात (2025) बक्षीसपत्रासोबतचं वेगळं वचनपत्र धरून कायदा आईच्या बाजूने वाचला. नव्या वाचकाने हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. मला दुसरा पटतो. जिच्या हातचं जेवायचं तिच्याच नवऱ्याला अट घालायची, हे किती आयांना जमेल?

निकालांइतकेच तलाठी कार्यालयातले कागदही वाचायला हवेत. फेरफार मंजूर होण्याआधी नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. नोटीस घरी येते तेव्हा आई माजघरात असते आणि ती घेतो ज्याने फेरफार घातला तोच. वर तिचा अंगठाही 'पोहोचली' म्हणून उमटतो. यात खोटी सही कुठेच नाही, म्हणून पोलिसांनाही काही सापडत नाही. पासबुक 'भरून आणतो' म्हणून नेणारा नातू, पेन्शनच्या तारखेलाच उगवणारा पुतण्या, हक्कसोडपत्रावर आईसोबत सह्या करून गेलेल्या बहिणी, सगळे याच पानावर येतात.

एक गोष्ट वकिलीबाहेर फारशी माहीत नसते. आईचं भान हरपलं की तिने दिलेलं कुलमुखत्यारपत्र कायद्याने संपतं. लोक ते पुढेही बिनघोर वापरतात, आणि वापरणारा भला असला तरी व्यवहार कच्चाच राहतो. इंग्लंडने 1985 च्या कायद्यानेच भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आणलं. आपल्याकडे तशी सोय नसल्याने पालक नेमून घ्यायला बहुधा उच्च न्यायालय गाठावं लागतं. पळसदरीहून मुंबईला थेट लोकल असली, तरी हा खर्च दोन एकरवाल्याच्या आवाक्यातला नाही.