पाणी कोणी घातलं? 1625 पासूनच्या एका बोन्सायचा इतिहास वाचताना

इतिहासाचा पुरावा म्हटलं की आपल्याला कागद आठवतो. बखर, दफ्तर, पत्रव्यवहार, सरकारी नोंदी. आज मी अशा एका पुराव्याबद्दल लिहितेय ज्याला रोज पाणी घालावं लागतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी.ला नॅशनल आर्बोरेटम ही सरकारी वृक्षबाग आहे. तिथल्या बोन्साय संग्रहालयात जपानी व्हाइट पाइनचं एक झाड आहे. जपानीत त्याला गोयोमात्सु म्हणतात, म्हणजे पाच सुयांचा पाइन, कारण त्याची सुईसारखी पानं पाच-पाचच्या झुबक्यात येतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 1976 मध्ये 200 वर्षं झाली, तेव्हा जपानने 53 बोन्साय भेट दिली. त्यातलंच हे एक. ते दिलं हिरोशिमाच्या मासारू यामाकी यांनी. नोंदीत वर्ष आहे 1625.

इथेच पहिल्यांदा थांबा. 1625 हे झाडाचं जन्मवर्ष नाही. तेव्हापासून ते बोन्साय म्हणून वाढवलं जातंय, एवढाच त्याचा अर्थ. कुठलीही तारीख दिसली की ती नेमकी कशाची आहे, हे आधी विचारायचं. ही सवय सिनॉप्सिस लिहायच्या आधी लागली तर बरं.

2001 साली काय घडलं

पुढची 25 वर्षं हे झाड म्हणजे भेट आलेल्या अनेक सुंदर झाडांपैकी एक होतं. मग 2001 च्या मार्चमध्ये यामाकींचे दोन नातू आगाऊ न कळवता संग्रहालयात आले. आजोबांचं झाड बघायचंय, म्हणाले. त्यांच्याकडून तिथल्या लोकांना कळलं की 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी 8:15 वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे झाड तिथेच होतं. यामाकींची नर्सरी स्फोटापासून साधारण 3 किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या, घरच्यांना त्या लागल्या, पण सगळे वाचले. झाडं नर्सरीच्या उंच भिंतीआड होती, म्हणून तीही वाचली.

आता गंमत बघा. भेट देताना हा इतिहास झाडासोबत गेलाच नाही. तो घरातल्या माणसांच्या तोंडी राहिला. नातू आले नसते तर कदाचित आपल्याला हे कळलंच नसतं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण 'भिंतीने झाड वाचवलं' इथे थांबतात. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडला. 7 ऑगस्टला पाणी कोणी घातलं?

भिंतीचं काम आणि हाताचं काम

बोन्सायची कुंडी उथळ असते आणि माती मोजकी. जमिनीतलं झाड मुळं खोल पाठवून पाणी शोधतं, तसं कुंडीतल्या झाडाला करता येत नाही. उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागतं, कडक उन्हात कधी दोनदा. हिरोशिमात ऑगस्ट हा ऐन उन्हाळा. भिंतीचं काम काही क्षणांत संपलं. पण शहर उद्ध्वस्त झालेलं, घरचे जखमी, आणि अशा दिवसांत ही कुंडी कोरडी पडली नाही.

मधे पाऊस पडला असेल ना? शंका रास्त आहे, आणि ती आपण स्वतःच काढायला हवी, व्हायव्हात परीक्षकांनी नाही. पण एका पावसावर उथळ कुंडी फार तर दोन-तीन दिवस निघेल, अख्खा उन्हाळा नाही. म्हणून मी म्हणेन की कुणीतरी पाणी घालत होतं. याचा कागद माझ्याकडे नाही, हे अनुमान आहे, आणि लिहिताना त्याला अनुमानच म्हणायचं. पण ते भक्कम आहे, कारण त्याचा आधार जिवंत आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर

नुसतं पाणीच नाही. पाइनच्या बाबतीत वसंत संपून उन्हाळा लागतो ते दिवस सगळ्यात नाजूक. वसंतात फांद्यांच्या टोकांना मेणबत्तीसारखे उभे कोंब येतात. मग ते लांबतात, सुया उलगडतात आणि झाडाची पाण्याची गरज एकदम वाढते.

या कोंबांचं काय करायचं ते जातीवर ठरतं. ब्लॅक पाइनचे कोंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला बुडापासून कापतात. याला मेकिरी म्हणतात. टोकाचा कोंब ऑक्झिन हे संप्रेरक खाली पाठवून इतर कळ्यांना दाबून ठेवतो. तो काढला की बुडाशी नव्या कळ्या फुटतात आणि दुसऱ्या फुटव्याच्या सुया आखूड येतात. बोन्सायला हवं तेच.

व्हाइट पाइनला मात्र वर्षात साधारण एकदाच फुटवा येतो. त्याचे कोंब वसंतात कोवळे असतानाच बोटांनी थोडे खुडायचे. ब्लॅक पाइनची पद्धत वाचून जूनमध्ये त्याचे सगळे कोंब कापलेत तर दुसरा फुटवा येईल याचा भरवसा नाही. फांदी कमजोर होते, मरतेही.

म्हणजे 1625 ते 1976 अशी 351 वर्षं, दर उन्हाळ्याच्या तोंडावर, ते झाड कुठल्या जातीचं आहे हे माहीत असलेलं माणूस त्याच्याजवळ होतं. मधली एक पिढी जरी बेफिकीर निघाली असती तरी झाड आज नसतं. बाकी दफ्तराची पानं गहाळ होतात तरी इतिहास लिहिता येतो. इथे साखळी तुटली की पुरावाच संपतो.

जपानी माळ्यांमध्ये 'मिझुयारी सान्नेन' अशी म्हण आहे. नुसतं पाणी घालायला शिकायचं तरी तीन वर्षं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला हे हास्यास्पद वाटलं असतं.

माझी सही

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या पॉलीहाऊसमध्ये माझी 40 रोपं होती, तीन महिने वाढवलेली. पाण्याचं रजिस्टर होतं, रोज सही करायची. एका शनिवारी मला घरी जायचं होतं. मी रोपांना भरपूर पाणी दिलं आणि रविवारची सहीही तेव्हाच करून टाकली. सोमवारी दुपारी परत आले तर 31 रोपं गेलेली.

गाईडनी रजिस्टर उघडलं. सही होती, माझीच. ते काही बोलले नाहीत. रजिस्टर बंद करून माझ्या हातात दिलं.

माझ्याकडे पाणी घातल्याचा कागद होता आणि रोपं मेलेली होती. त्या पाइनजवळ कागद नाही आणि झाड उभं आहे. म्हणून आता जुनं रजिस्टर, डायरी, हजेरीपट असा कुठलाही सोर्स हातात आला की मी आधी बघते, ही नोंद त्याच दिवशी झाली असेल का? शाई तीच, अक्षर तेच, सगळ्या ओळी एका दमात लिहिल्यासारख्या, असं दिसलं की मला माझा तो शनिवार आठवतो.

माझ्या रजिस्टरमध्ये आता सहीसोबत वेळ असते, आणि बोट मातीत घालून बघितल्यावर ती ओली लागली की कोरडी, तेही. ज्या दिवशी गेले नाही, त्या दिवसाची ओळ रिकामी सोडते.